क्रिस्टल रेड सांगून रेड रिली गळ्यात मारले

"प्रवासात रंग उतरलाय, आठ दिवसांत परत येईल." क्रिस्टल रेड श्रिंप, म्हणजे टँकमध्ये पाळायची लाल-पांढरी छोटी कोळंबी, विकणाऱ्याच्या या वाक्यावर मी विश्वास ठेवला आणि तिथेच फसलो. वाक्य धडधडीत खोटं असतं तर मी लगेच सावध झालो असतो. पण श्रिंप घाबरला की फिका पडतो आणि नव्या टँकमध्ये रुळला की रंग धरतो, हे खरंच आहे.

क्रिस्टल रेडसाठी मी दोन महिने तयारी केली होती. जपानच्या हिसायासू सुझुकी यांनी काळ्या 'बी' (मधमाशी) श्रिंपमध्ये निघालेल्या लाल पिल्लांपासून निवडून निवडून तयार केलेला हा वाण. तो कॅरिडिना गटातला, म्हणजे त्याला मऊ आणि किंचित आम्ल पाणी हवं. तळाला अ‍ॅक्टिव्ह सॉइल (पाणी मऊ आणि आम्ल ठेवणारी माती), आरओच्या पाण्यात मोजून टाकलेले क्षार, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ५, केएच (कार्बोनेटचा जडपणा) शून्य, पीएच ६.२. विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकेपर्यंत एकही जीव आत सोडला नाही.

जाहिरातीतल्या फोटोत लाल-पांढरे ठसठशीत पट्टे होते. पिशवीतून आले ते पंधरा श्रिंप मात्र डोक्याकडे लाल, शेपटाकडे लाल आणि मध्ये पाण्यासारखे आरपार. विचारलं तर वरचं उत्तर. तक्रारीची मुदत दोन तासांची, तीही फक्त मेलेल्यांसाठी. थेंब थेंब पाणी देत त्यांना जुळवून घेण्यातच ते दोन तास गेले.

नवव्या रात्री टॉर्च घेऊन बसलो. एक मादी काचेला चिकटून शेवाळ खुडत होती. लाल रंग संपला तिथून पुढे, पाठीच्या कडेने जाणारी अन्नाची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. क्रिस्टल रेडचा पांढरा पट्टा दुधासारखा घट्ट असतो, त्यातून आतलं काही दिसत नाही. समोर होती ती रेड रिली. म्हणजे निओकॅरिडिना या वेगळ्याच गटातली, चेरी श्रिंपचाच एक रंगप्रकार, आणि चेरीसारखाच सहज मिळणारा.

फोटो पाठवला. उत्तर आलं, "अजून पिल्लं आहेत, मोठी झाली की पांढरा भरेल." त्याच फोटोत मादीच्या मानेमागे अंडाशयाचा पिवळा पुंजका दिसत होता! अंडी भरलेली मादी पिल्लू कशी असेल? हे विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

पैसे गेले ते मी सोसले. जीव गेले ते अजून सोसवत नाही. रिलीला थोडं जड, केएच असलेलं पाणी मानवतं आणि मी त्यांना नेमक्या उलट पाण्यात सोडलं होतं. दुसरा टँक सायकल व्हायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला, काही आठवडे लागणार होते. चालू टँकचं पाणी एकदम बदललं असतं तर तो धक्का आणखी वाईट. तिसऱ्या आठवड्यापासून ते कात टाकताना अडकू लागले. डोक्याचं कवच आणि पोट यांच्या सांध्यावर अंगाभोवती पांढरी कडी दिसायची आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तो श्रिंप आडवा पडलेला असायचा. पंधरापैकी नऊ असे गेले. माझ्या पाण्यात काहीही चूक नव्हती; ते पाणी त्यांच्यासाठी नव्हतं, एवढंच.

खूण मला आधीच मिळाली होती, मी ती वाचली नाही. तुमच्याकडे जीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किती ठेवता, असं मी ऑर्डर देण्यापूर्वी विचारलं होतं. "कुठल्याही पाण्यात चालतात," असं तो म्हणाला होता. क्रिस्टल रेड वाढवणारा माणूस असं बोलत नाही, तो आकडे सांगतो. तेव्हा आधी आकडे विचारा. मग त्याच श्रिंपचा, मागे आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला व्हिडिओ मागा. आणि पार्सल आलं की पाणी जुळवायला बसण्याआधी, पिशवी न उघडता मागून टॉर्च धरा. पांढऱ्याच्या जागी आरपार दिसलं, तर तिथल्या तिथे व्हिडिओ काढून त्याच मिनिटाला पाठवा.