टीएससी कॅलिब्रेट करायला पीआयटी धरू की पीएम टायमर?

मागच्या आठवड्यात खानापूरकडचा एक पोरगा विचारत होता, दादा स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय, टीएससी (प्रोसेसरमधला सतत पळणारा काउंटर) आणि लोकल एपिकचा (प्रोसेसरमधल्या इंटरप्ट कंट्रोलरचा) टायमर कशावर कॅलिब्रेट करू, मंजे त्यांचा वेग कशाशी ताडून मोजू? म्हटलं बस जरा, ह्यापायी माझा अख्खा एक पावसाळा गेलाय.

पीआयटी हा पीसीतला जुना टायमर आणि पीएम टायमर हा एसीपीआयचा (पॉवर सांभाळायच्या व्यवस्थेचा) काउंटर, दोघं तसे एकाच घरातले. मूळच्या १४.३१८१८ मेगाहर्ट्झला १२ नं भागलं की पीआयटीचे १.१९३१८२, ४ नं भागलं की पीएम टायमरचे ३.५७९५४५ (हा आकडा मंजे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा सबकॅरियर, आपली टीव्ही होती पाल (PAL) पद्धतीवर, पण कॉम्प्युटर अजून त्यांच्या टीव्हीच्या तालावर). त्यामुळं नुसत्या अचूकतेत डावंउजवं करण्यासारखं फार नाही, खरा फरक वापरताना कळतो.

पीआयटी सोपा, ह्यात वादच नाही. चॅनल २ मध्ये ११९३२ भरा, गेट उघडा, आऊटपुट बिट वर यायची वाट बघा, झाले १० मिलिसेकंद. एसीपीआयची टेबलं धुंडाळायला नकोत, क्यूएमूत (सॉफ्टवेअरमधल्या नकली कॉम्प्युटरवर) तर पहिल्या झटक्यात चालतं. मीपण तेच केलेलं.

मग जुन्या लॅपटॉपवर टाकलं. बूट केलं की टीएससीचा वेग २३९४ मेगाहर्ट्झ, परत २३९५, परत २३९४, आणि मधेच एकदा २६१०! आकडा असा फुगला की कर्नलचं घड्याळ मागं पडतंय, मोबाईल शेजारी ठेवून बघितलं तर मोबाईलची १० मिनिटं झाली तेव्हा माझं कर्नल ९ मिनिटं १० सेकंदांवर. कोड वाचून वाचून पाठ झाला, चूक काय सापडेना. एका संध्याकाळी आई आतनं ओरडली, "करंट गेला बघ!", आणि नेमकं तेव्हाच बूट चालू होतं आणि स्क्रीनवर २६०० च्या वरचा आकडा. मग कॅलिब्रेशन लूपमध्ये टाकलं आणि हातानंच चार्जरची पिन काढत घालत बसलो. पिन हलली की आकडा उडाला, प्रत्येक वेळी नाही पण शंका राहू नये इतक्या वेळा.

माझ्या समजुतीप्रमाणं होतं असं की एसीपीआय मोड चालू न केलेल्या कर्नलमध्ये असले इव्हेंट एसएमआय (फर्मवेअरसाठीचा खास इंटरप्ट) होऊन येतात, प्रोसेसर गुपचूप फर्मवेअरच्या कोडात जाऊन येतो आणि इंटरप्ट बंद केले असले तरी त्याला फरक पडत नाही. पीआयटीची वेळ संपली पण बघायला आपण जाग्यावर नाही, परत येईपर्यंत टीएससी पुढं पळालेला. ९०० मायक्रोसेकंदांचा उशीर मंजे १० मिलिसेकंदांत ९ टक्के. मापात पाप, आणि दुकानदार दिसतच नाही.

पीएम टायमरवर ही वाट बघायची भानगडच नाही. टीएससी, पीएम, टीएससी असं लागोपाठ वाचायचं, ५० एक मिलिसेकंदांनी परत तसंच. मधे एसएमआय आला तर येऊ दे की, दोन्ही काउंटर पळतच असतात. अगदी वाचतानाच आला तर दोन टीएससींमधलं अंतर फुगलेलं दिसतं, तेवढी जोडी टाकून द्यायची. परत पिन काढली घातली, आकडा २३९४ वरनं हलला नाही.

पीआयटीपण लॅच करून (चालू आकडा धरून ठेवून) असा वाचता येतो की, म्हणाल. येतो. पण एका वाचनाला तीनदा पोर्टवर जा, आणि १६ बिटांचा तो, ५५ मिलिसेकंदांत गुंडाळला जातो. शिवाय नव्या काही मशिनींवर फर्मवेअर त्याचा क्लॉकच बंद करून ठेवतं, मग तुमचा लूप बसला वाट बघत जन्मभर.

पीएम टायमरचीपण कटकट आहे, नाही असं नाही. पोर्टचा नंबर एसीपीआयच्या एफएडीटी टेबलातनंच घ्या, मी क्यूएमूचा हेक्स ६०८ तसाच ठोकून ठेवलेला आणि लॅपटॉपवर तो निघाला ४०८. काही ठिकाणी तो २४ बिटांचाच असतो, ४.७ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, तेव्हा वजाबाकी करून मास्क लावायला (खालचे २४ बिटच ठेवायला) विसरू नका.

एचपीईटी हा तिसरा टायमर चांगला आहे, पण मेमरी मॅप करा, फेमटोसेकंदांतला पिरियड वाचा, एवढ्या एका कामासाठी मला जीवावर आलं. आणि सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेच्या) लीफ हेक्स १५ मध्ये क्रिस्टलचा आकडा भरलेला मिळाला तर मोजायचीच गरज नाही, पण माझा लॅपटॉप त्याच्या आधीचा.

पीआयटीचा कोड मी अजून काढलेला नाही, पीएम टायमर सापडला नाही तर तोच चालतो. फक्त टीएससी आधी वाचून मग गेट उघडतो, पाच वेळा मोजतो आणि सगळ्यात लहान आकडा घेतो, कारण ह्या क्रमानं एसएमआय आकडा वाढवतो, कमी करत नाही.