बेचाळिसाव्या वर्षी सीएनसी: कोर्सनंतरचे आठ महिने

भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं साध्या लेथवर टर्नर होतो. दुसरं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, आलं आणि माझ्याकडचे निम्मे जॉब (घडवायचे भाग) तिकडे गेले. तेव्हा प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत सीएनसी टर्निंगच्या संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. कोर्स संपून आठ महिने झालेत, म्हणून आता लिहितोय.

फी एक रुपयाही लागली नाही. हजेरी रोज अंगठ्यावर, त्यामुळे दांडीला वाव नाही. परीक्षा घ्यायला परीक्षक बाहेरून आला, आमच्या सरांच्या हातात मार्क नव्हते. हे मला फार आवडलं. प्रमाणपत्र कोणाच्या ओळखीने मिळालेलं नाही, हे मालकाला छातीठोक सांगता आलं.

शिकवण्यात मात्र मोठी उणीव होती. तीस जणांत एकच मशीन. बराच वेळ कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर गेला. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायचे हुकूम, तिथे पाठ होतात, पण इन्सर्ट (धातू कापणारं पातं) घासत चालल्याचा आवाज तिथे ऐकू येत नाही. पहिले तीन आठवडे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापं घ्यायची साधनं. माझ्या शेजारच्या बारावी झालेल्या पोराला ते हवंच होतं, मला नव्हतं. अनुभवी माणसांसाठी वेगळी बॅच असायला हवी.

खरं शिक्षण वर्कशॉपमध्ये परतल्यावर झालं. आमच्या जुन्या लेथवर हँडल ०.१ मिमी पुढे घेतलं की व्यास ०.२ मिमीने कमी होतो. सीएनसीत एक्सचा ऑफसेट, म्हणजे माप जुळवायला मशीनला द्यायची दुरुस्ती, थेट व्यासात मोजतात. अठरा वर्षांची सवय हातात, म्हणून पहिल्या आठवड्यात मी दरवेळी निम्माच ऑफसेट द्यायचो आणि जॉब मोठा राहायचा. मोठा राहिला म्हणून बरं, पुन्हा कट घेता आला. लहान झाला असता तर भंगारातच गेला असता. एवढी एक गोष्ट वर्गात कोणी जुन्या टर्नरला समजावली असती तर! आता नवीन जॉब लावला की आधी ड्राय रन, म्हणजे न कापता नुसती चाल बघणं, मग सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत, पहिला पीस. सेटिंग स्वतः करतो.

पैशांचं सांगतो, कारण घर चालवणाऱ्याला तेच विचारायचं असतं. चार महिने ओव्हरटाइम सोडला, महिन्याला चार हजारांचं नुकसान. नंतर पगार अडीच हजारांनी वाढला. तो खड्डा भरायला साडेसहा महिने लागले. सरकार फी भरतं, पण बुडालेली मजुरी कोण भरणार? सिंगापूरमध्ये चाळिशी ओलांडलेला नागरिक ठरावीक पूर्णवेळ कोर्सला बसला, तर २०२५ पासून त्याला सरासरी पगाराच्या निम्मा भत्ता मिळतो, महिन्याला ३,००० सिंगापूर डॉलरपर्यंत. आपल्याकडे त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी आमच्या गल्लीतले दहा जण उद्या नाव घालतील.

दुसरं दुखणं वयाचं. या योजनेतला पूर्ण कोर्स ४५ वर्षांपर्यंतच. त्यापुढे ५९ पर्यंत आरपीएल आहे, म्हणजे जे आधीच येतं त्याची थोडी उजळणी, परीक्षा आणि प्रमाणपत्र. ज्याचा हात मशीनवर बसलाय पण कागद नाही, त्याने ते जरूर करावं. पण आमच्या शेडमधले काका एक्कावन्न वर्षांचे आहेत. मला धार लावायला त्यांनी शिकवलं. साध्या लेथचा कागद त्यांना मिळेल, सीएनसीचा वर्ग मिळणार नाही. म्हणून सध्या सुट्टी झाल्यावर अर्धा तास मीच त्यांना ऑफसेट शिकवतो. मालकाने मशीन वापरायला परवानगी दिली आहे.