‘पाच हजार गाण्यांचा बेस टॅब पॅक’: पैसे तर जातातच, हातही बिघडतो

बेस गिटार नुकतीच हातात घेतलेल्यांना इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर एक जाहिरात हमखास दिसते. पाच हजार गाण्यांचे बेस टॅब, हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं, फक्त ४९९ रुपयांत, ऑफर आजच्यापुरती. टॅब म्हणजे प्रत्येक तारेला एक रेघ आणि तिच्यावर दाबायच्या फ्रेटचा, म्हणजे दांड्यावरच्या खान्याचा, आकडा. यूपीआयने पैसे टाकले की ड्राइव्हची लिंक येते, फाइली उघडतात, आणि घेणाऱ्याला वाटतं व्यवहार चोख झाला. फसवणूक कळायला महिने जातात, कारण गाणं जुळेना की नवशिका दोष स्वतःच्या बोटांना देतो. विकणाऱ्याचं सगळं दुकान त्यावरच चालतं.

पॅकमधला सगळ्यात मोठा हिस्सा असतो तो कापलेल्या गिटार टॅबचा. साध्या गिटारच्या खालच्या चार तारा ई, ए, डी, जी. बेसच्या चार ताराही त्याच, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे सहा रेघांच्या गिटार टॅबमधल्या वरच्या दोन रेघा उडवल्या की चार रेघांचा, दिसायला अगदी बेससारखा टॅब तयार होतो. ओळखायचा कसा? एकाच उभ्या ओळीत डीवर २, एवर २, ईवर ० असे आकडे एकाखाली एक दिसले, की तो गिटारचा पॉवर कॉर्ड आहे. बेसवर ई तार मोकळी वाजते ती सुमारे ४१ हर्ट्‌झला. त्या पट्टीत तीन सूर एकदम दाबले तर नुसता गढूळ घरघराट ऐकू येतो. खऱ्या बेसलाइनमध्ये त्या जागी बहुधा एकटा मूळ सूर असतो, तोही ड्रमच्या किकला धरून. एखादा डबल स्टॉप, म्हणजे दोन सूर एकदम, चालतो. पानभर तीन-तीन आकड्यांच्या उतरंडी असतील तर तो बेसचा टॅब नव्हेच.

या कापाकापीत कापोची, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्याची, ओळही जाते. अकूस्टिक गिटारवर वाजवलेल्या कितीतरी हिंदी गाण्यांना दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कापो असतो आणि टॅबमधले आकडे कापोपासून मोजलेले असतात. ‘कापो २’ ही ओळ गाळली की अख्खं गाणं रेकॉर्डिंगपेक्षा दोन सेमीटोन खाली वाजतं. शिकणारा पुन्हा पुन्हा ट्यूनर लावून बघतो. ट्यूनर बरोबर असतो, टॅब चुकलेला असतो. अर्धा स्वर खाली उतरवलेली तार किंवा ड्रॉप डी (जाड ई तार डीपर्यंत उतरवणं) यांचंही तेच होतं. ट्यूनिंग लिहिलेलं नसेल तर त्या पानाला काही किंमत नाही.

दुसरा माल मशीनने काढलेला. मिडी फाइल (आवाज नाही, फक्त सुरांची नोंद असलेली) किंवा थेट ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि जे बाहेर पडेल ते पीडीएफ करायचं. इथे सूर बरोबर असले तरी जागा भलत्याच असतात. डी हा एकच सूर ईच्या दहाव्या फ्रेटवर, एच्या पाचव्या फ्रेटवर आणि मोकळ्या डी तारेवर मिळतो. कुठला घ्यायचा ते आधीच्या आणि पुढच्या सुरावरून ठरतं. डी, ई, एफ ही ओळ माणूस एवर ५, ७, ८ अशी लिहील. सॉफ्टवेअर डी मोकळी, मग ईवर १२, मग एवर ८ असंही लिहून जातं. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर सुमारे ५ इंच भरतं, गिटारवर तेच पावणेचारच्या आसपास. अशा उड्या रोज घोटल्या की मनगट दुखायला लागतं, आणि बोटांना लागलेलं चुकीचं वळण मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ऑडिओवरून काढलेल्या टॅबमध्ये सप्तकाचीही चूक होते: खालच्या तारेचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे तिच्यातच घुमणारा एक सप्तक वरचा सूर, मूळ सुरापेक्षा जोरकस निघाला की सॉफ्टवेअर तोच पकडतं आणि सूर एक सप्तक वर लिहितं.

हिंदी सिनेमातल्या बऱ्याच गाण्यांचा बेस कीबोर्डवर वाजवलेला आहे, तो ईच्याही खाली सीपर्यंत उतरतो. तो सूर पाच तारांच्या बेसवर बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतो. चार तारांसाठी सप्तक वर घेणं गैर नाही, पण तसं लिहायला हवं. पॅकवाले लिहीत नाहीत.

उरलेला माल म्हणजे इंटरनेटवर फुकट पडलेल्या जुन्या टेक्स्ट टॅब. लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं, स्वतःचा लोगो मारायचा. अनेकांनी रात्री जागून, कानाने ऐकून फुकट वाटलेलं हे काम, त्याचे पैसे तिसराच घेतो, याचा संताप येतो. वर ते धड छापतही नाहीत. टेक्स्ट टॅबला प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असलेला फॉन्टच लागतो. वर्डच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ओतला की चारही रेघा पुढेमागे सरकतात आणि कुठला आकडा कुठल्या मात्रेवर हे कळेनासं होतं. टेक्स्ट टॅबमध्ये ताल मुळातच दुबळा. सोळा खाने म्हणजे चार मात्रांचा एक बार, एवढाच आधार. काही पॅकमध्ये सगळीच गाणी सोळा खान्यांत कोंबलेली असतात. केरव्याचं गाणं त्यात बसतं, दादऱ्याचं बसत नाही. त्याला बारा खाने हवेत. सोळाच्या चौकटीत दादरा वाजवला की दुसऱ्याच बारला सम चुकते.

पैसे देण्याआधी विक्रेत्याने निवडलेला नमुना घेऊ नका, तो चांगलाच असणार. तुम्हाला पाठ असलेल्या गाण्याचं नाव सांगा आणि त्याचे पहिले आठ बार मागा. ट्यूनिंग, टेम्पो (वेग), टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती मात्रा) लिहिलंय का बघा, मग उभ्या उतरंडी आणि लांब उड्या शोधा. यूट्यूबवर वेग ०.७५ करून, हेडफोन लावून सोबत वाजवा. फोनच्या स्पीकरवर नको, ४१ हर्ट्‌झ त्यातून येतच नाही. कॉर्ड बदलते तिथे पहिला सूर जुळतोय का एवढं आधी तपासा. आठ बार द्यायला खळखळ केली तर व्यवहार तिथेच सोडा. रीतसर विकल्या जाणाऱ्या शीट म्युझिकचं पहिलं पान बहुतेक ठिकाणी विकत घेण्याआधी बघता येतं.

काही जण याच्याही पुढे जातात. झिपला पासवर्ड असतो आणि पासवर्डसाठी ‘व्हेरिफिकेशन’चे वेगळे पैसे मागतात. किंवा ‘टॅब प्लेयर’ म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची, फाइल पाठवतात. टॅबची फाइल पीडीएफ, टीएक्सटी, मिडी, म्युझिकएक्सएमएल नाहीतर गिटार प्रो या प्रोग्रॅमची जीपी५ किंवा जीपी असते. एपीके कधीच नसते. असलं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागून ओटीपी उचलू शकतं. जीपी५ उघडायला टक्सगिटार किंवा म्युझस्कोर हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आणि रिफंडसाठी क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगितलं तर टाकू नका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

पैसे गेलेच असतील तर चॅट डिलीट करू नका आणि विक्रेत्याशी भांडत बसू नका, तो ब्लॉक करेल आणि चॅनेलचं नाव बदलेल. आधी चॅनेलची लिंक, यूपीआय आयडी, बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) नंबर आणि जाहिरात यांचे स्क्रीनशॉट घ्या. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. फाइल मिळाली पण माल खोटा निघाला, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. विक्रेत्याचं नाव-पत्ता हाती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. तक्रारीसोबत कापलेल्या टॅबचं एक पान आणि मूळ गिटार टॅबचं पान शेजारी शेजारी लावून जोडा. आकडे जसेच्या तसे जुळतात, आणि ते कळायला समोरच्याला संगीत यावं लागत नाही.