स्कॅनमधलं पान जसंच्या तसं हाती देणारं ‘पीडीएफइमेजेस’

माझे बाबा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांचं निरीक्षण करायचे. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्या रात्रीची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ठरवायची (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आणि पेन्सिलीने वहीत टिपायची, असा त्यांचा नेम होता. तिमिंगल समूहातल्या मीरा ताऱ्याची तर त्यांनी वर्षानुवर्षं पाठ सोडली नाही. त्याची प्रत साधारण ३३२ दिवसांच्या फेऱ्यात खालीवर होते, त्यामुळे वहीतला प्रत्येक दशांश मोलाचा. अडचण एकच, बाबांचा १ आणि ९. घाईत काढलेल्या ९ची गाठ इतकी बारीक असते की तो सरळ १ वाटतो.

भाच्याने सगळी वही स्कॅन करून एका पीडीएफमध्ये बांधून दिली, २१२ पानांची. अडलेले आकडे मी चित्र म्हणून ऑनलाइन टाकून इतर निरीक्षकांना विचारायला लागले. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. पान पडद्यावर उघडायचं, स्क्रीनशॉट घ्यायचा, टाकायचा. एका नोंदीवर चौघांनी ‘६.१’ असं उत्तर दिलं, आणि मला ते पटेना.

चूक वाचणाऱ्यांची नव्हतीच. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं चित्र तयार होतं. माझ्या पडद्याची उंची १०८० पिक्सेल. अख्खं पान त्यात बसवून स्क्रीनशॉट घेतला म्हणजे उभ्या दिशेने तीनातले दोन पिक्सेल मी आधीच टाकून दिले होते. पेन्सिलीची बारीक गाठ, अनुस्वार, दशांश चिन्हाचा टिंब हेच त्यात पहिले जातात.

तेव्हापासून गेले आठ महिने मी पीडीएफइमेजेस वापरते आहे. पॉपलर नावाच्या मुक्त प्रणालीसंचातलं हे छोटं साधन, फुकट आणि मुक्त परवान्याचं. त्याचं काम एकच: पीडीएफच्या पोटात जी चित्रं ठेवलेली आहेत ती बाहेर काढणं. पान पुन्हा रंगवायचं नाही, लहानमोठं करायचं नाही. ‘ऑल’ हा पर्याय दिला की आत जेपेग असेल तर तोच जेपेग, एकही बाइट न बदलता, फाइल होऊन समोर येतो. स्कॅनरने जे पाहिलं तेच तुमच्या हाती. माझ्यासारखीला याहून मोठी गोष्ट नाही.

खिडक्या-बटणं मात्र यात नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते. मी पहिल्या दिवशी घाबरले होते, पण खरं तर तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. ‘एफ’ आणि ‘एल’ने कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत ते सांगायचं. ‘पी’ लावलं की फाइलच्या नावात पानाचा क्रमांक येतो. हे नक्की लावा, कारण एरवी चित्रांची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि पान ५७ शोधताना ५६ क्रमांकाची फाइल उघडावी लागते. मी अशीच एकदा भलत्याच रात्रीची नोंद लोकांपुढे ठेवली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘लिस्ट’. हा पर्याय काहीच बाहेर काढत नाही, फक्त यादी दाखवतो: पान कितवं, चित्र किती रुंद, किती उंच, जागा वाचवायला कुठल्या पद्धतीने दाबलेलं, किती पीपीआय (इंचामागे पिक्सेल). कुठल्याही स्कॅनची कुंडलीच ती. आता कोणी मला पीडीएफ पाठवली की मी आधी यादी पाहते. १५० पीपीआय दिसलं की पेन्सिलीचं पान पुन्हा स्कॅन करायला सांगते, आणि तेही काळं-पांढरं नको, ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा नाही तर पूर्ण पांढरा. फिकट पेन्सिल पांढऱ्यात जाते आणि परत येत नाही.

यादीत ‘जेबिग-टू’ दिसलं तर जास्तच सावध राहा. या दाबपद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून सगळीकडे तीच वापरता येतात. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्यामुळे स्कॅनमध्ये ६चा ८ होऊ शकतो, तोही अगदी स्वच्छ, सुबक ८. आकड्यांच्या वहीला याहून घातक काय असणार? अशा पानांना ‘ऑल’ लावू नका. जी फाइल निघते ती नेहमीच्या चित्र-प्रणालीत उघडत नाही. ‘पीएनजी’ हा पर्याय द्या.

आणखी दोन ठिकाणी अडायला होतं. काही स्कॅनर जागा वाचवायला पानाचे थर करतात, कागदाचा रंग वेगळा आणि शाई वेगळी. अशी फाइल दिली की एका पानाची दोन-तीन चित्रं निघतात, एक धुरकट आणि एक नुसती अक्षरांची, आणि एकही पूर्ण पान नसतं. यादीत ‘एसमास्क’ दिसलं की बहुधा हाच प्रकार. तिथे त्याच संचातलं पीडीएफटूपीपीएम वापरायचं आणि ३०० डीपीआयला अख्खं पान चित्रात उतरवून घ्यायचं. दुसरं म्हणजे पीडीएफमध्ये पान फिरवलेलं असलं तरी बाहेर निघणारं चित्र मुळातल्या दिशेनेच येतं. बाबांचे आडवे तक्ते मला दर वेळी हाताने उभे करावे लागतात.

चित्र हाती आल्यावर मी अख्खं पान टाकतच नाही. विचारायची ती ओळ आणि तिच्या वरखालच्या दोन-दोन ओळी, एवढंच कापते. वाचणाऱ्याला बाबांचे बाकीचे १ आणि ९ शेजारी दिसले पाहिजेत. कापलेला तुकडा पीएनजीमध्ये ठेवते. जेपेग आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटी करून तपशील दाबतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा साठवलं की अक्षरांभोवती धूळ साचल्यासारखी दिसते. समासात कोणाचा फोन नंबर असेल तर तो भाग कापूनच टाकते. नुसतं धूसर केलेले आकडे कधी कधी ओळखता येतात.

त्या ‘६.१’चं पान मी पीडीएफइमेजेसने परत काढलं, पाच ओळींचा तुकडा कापला आणि त्याच चौघांना दाखवला. या वेळी गाठ दिसत होती, पेन्सिल किंचित घसरलेली, पण होती. आधीची नोंद ६.६, नंतरची ७.२, तारा मंदावत चाललेला. चौघांनीही ६.९ सांगितलं. मी तक्त्यात तो आकडा भरला आणि पान ५८ उघडलं.