पाचनईचं घरगुती जेवण आणि हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम

हरिश्चंद्रगडाला पाचनईमार्गे जाणार असाल तर जेवणाची सोय गावातल्याच घरात करा. आम्ही गेलो तिथे मावशींनी चुलीवर नाचणीची भाकरी, पिठलं आणि पाट्यावर वाटलेला ठेचा वाढला. भाकरी तव्यावरून थेट ताटात. "अजून एक घ्या, चढ आहे पुढं," हा आग्रह अगदी मनापासूनचा.

गडावर तंबूही त्यांच्याच मुलाने लावून दिला. तंबूची चेन अडकत होती आणि पांघरूण थंडीला कमी पडलं. स्वतःची स्लीपिंग बॅग न्याच. पण पहाटे अंधारात तो आम्हाला कोकणकड्यावर घेऊन गेला, कडेपासून लांब पालथं झोपायला लावलं आणि एकेकालाच पुढे सरकू दिलं. ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

कडा आतल्या बाजूला वळलेला, खाली ढगांनी भरलेलं कोकण. ऊन पाठीमागून आलं की खालच्या धुक्यात आपली सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, ते इंद्रवज्र. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते इथूनच पाहिल्याचं सांगतात. आम्हाला दिसलं नाही, तरी तिथून उठवेना! सह्याद्री माझं सगळ्यात मोठं देऊळ आहे.

केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यातलं ते भलंमोठं शिवलिंग आणि चारांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब नक्की पाहा. गडावरचं तारामती शिखर १४०० मीटरहून उंच आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवा. रोख पैसे न्या, आणि कचरा परत खाली आणा.