‘सिंगल डेक’ची पाटी आणि 6:5 चा दर: ब्लॅकजॅकच्या टेबलावर मला कसं लुटलं

जुगार खेळावा की नाही, हा वाद इथे घालायचा नाही. जे ब्लॅकजॅक (21 च्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करण्याचा पत्त्यांचा खेळ) खेळतात, आसपासच्या दोन-चार कॅसिनोंचे नियम ताडून पाहतात आणि मगच टेबल निवडतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे पैसे गेले ते कुणी पत्ता लपवल्यामुळे किंवा कॅट खोटा पिसल्यामुळे नाही. ते गेले नियमातल्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ मला कळू नये म्हणून तिथला माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलला.

त्या कॅसिनोच्या दाराशीच मोठी पाटी होती, ‘सिंगल डेक ब्लॅकजॅक’. ज्याला हा खेळ थोडाफार कळतो त्याचे पाय अशा पाटीकडे वळणारच. बाकी सगळे नियम सारखे असतील, तर सहा कॅटऐवजी एका कॅटने खेळण्यात खेळाडूचा सुमारे अर्धा टक्का फायदा असतो. या खेळात अर्धा टक्का ही मोठी गोष्ट आहे, कारण नियम चांगले असतील आणि खेळाडू बेसिक स्ट्रॅटेजीने, म्हणजे प्रत्येक हाताला गणिताने ठरलेली सर्वांत चांगली चाल करून, खेळत असेल, तर कॅसिनोची सगळी मिळकतच अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे पाटीवर जे लिहिलं होतं ते खरंच होतं. कॅट एकच होता. पाटीवर जे लिहिलेलं नव्हतं, त्यात सगळी मेख होती.

बसण्याआधी मी टेबलांवर देखरेख करणाऱ्या माणसाला विचारलं, “ब्लॅकजॅकला दर काय देता?” त्याने हसून सांगितलं, “नेहमीचाच, सर. बसा ना.” नेहमीचा दर म्हणजे 3:2. ब्लॅकजॅक म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता, आणि त्यावर पैजेच्या दीडपट मिळतं. 1956 साली अमेरिकी सैन्यात असलेल्या चार तरुणांनी साध्या टेबल-कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून या खेळाची बेसिक स्ट्रॅटेजी प्रसिद्ध केली, तेव्हाही त्यांनी हाच दर धरला होता. आजही स्ट्रॅटेजीचे बहुतेक तक्ते त्याच पायावर उभे आहेत.

मग तो हात आला. 50 ची पैज, मला बदामचा एक्का आणि किलवरची राणी. डीलरचा उघडा पत्ता सत्ती. डीलर बाईने शांतपणे 60 च्या चिपा माझ्यापुढे सरकवल्या आणि लगेच पत्ते उचलायला हात पुढे केला. 75 यायला हवे होते. मी पत्त्यांवर हात ठेवून विचारलं, “हे कसे काय?” ती काही बोलली नाही. टाकलेल्या पत्त्यांची पेटी तिने इंचभर बाजूला केली. पेटीच्या सावलीत, टेबलाच्या कापडाच्याच रंगाच्या जरा गडद छटेत ओळ छापलेली होती, ‘ब्लॅकजॅक पेज 6 टू 5’, म्हणजे ब्लॅकजॅकला दर 5 मागे 6. माझ्या खुर्चीवरून ती वाचणं शक्यच नव्हतं.

देखरेखवाल्याला बोलावलं. मघाशी ‘नेहमीचाच’ म्हणणारा तोच माणूस. म्हणाला, “आमच्याकडे हाच नेहमीचा आहे, सर. टेबलावर लिहिलेलं आहे.” फरकाचे 15 मागितले, दिले नाहीत. त्याआधी त्याच टेबलावर मला आलेल्या ब्लॅकजॅकचं तर नावच नको. तेव्हा दोन-तीन रंगांच्या चिपा मिसळून दिल्या होत्या आणि त्याच झपाट्यात शेजाऱ्याची साइड बेट (मुख्य पैजेशेजारची वेगळी पैज) गोळा केली होती, त्यामुळे कमी मिळाल्याचं लक्षातच आलं नाही. नंतर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की दर टेबलावर छापलेला असल्यामुळे नियमभंग झालेला नाही. कागदावर त्यांचं बरोबर असेल. पण विचारलेल्या सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देऊन माणसाला बसवायचं, याला माझ्या लेखी दुसरा शब्द नाही. ही फसवणूक आहे.

कुणी म्हणेल, दीडपटीऐवजी एक पूर्णांक दोन दशांश, त्यात एवढं काय? एवढं असं. एका कॅटच्या खेळात साधारण दर 21 हातांमागे एकदा ब्लॅकजॅक येतो. 100 च्या पैजेवर 150 ऐवजी 120 मिळाले की दर वेळी 30 जातात. तासाला 80 हात धरले तर तासाचे सुमारे 110 केवळ या एका ओळीने जातात. टक्क्यांत सांगायचं तर कॅसिनोचा वाटा जवळपास 1.4 टक्क्यांनी वाढतो. आता याची तुलना शेजारच्या एखाद्या साध्या, सहा कॅटच्या टेबलाशी करा. तिथे दर 3:2 असेल, डीलर प्रत्येक 17 वर थांबत असेल आणि स्प्लिटनंतर (सारखे दोन पत्ते वेगळे करून दोन हात केल्यावर) डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणं) करता येत असेल, तर कॅसिनोचा वाटा साधारण 0.4 टक्के असतो. तेवढ्याच पैजांवर तासाला 32 च्या आसपास. ‘सिंगल डेक’च्या पाटीने मला त्या टेबलावरून उठवून तिप्पट-चौपट महाग टेबलावर नेऊन बसवलं. एका कॅटचा अर्धा टक्का दाखवायचा आणि दुसऱ्या खिशातून त्याच्या पावणेतीनपट काढून घ्यायचं, असा हा हिशेब आहे.

हे सगळं नकळत होतं असं कुणी समजू नये. त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट पाहिली. शेजारी बसलेल्या बाईंना ब्लॅकजॅक आला, डीलरचा उघडा पत्ता एक्का. बाईंनी ‘इव्हन मनी’ मागितलं, म्हणजे डीलरचा पत्ता बघण्याआधीच पैजेइतकेच पैसे घेऊन मोकळं व्हायचं. नकार मिळाला. 3:2 च्या टेबलावर हीच सोय आपणहून पुढे केली जाते, कारण तिथे ती घेतली की खेळाडूचं थोडं नुकसान होतं. न घेता थांबलं तर सरासरीने पैजेच्या 1.04 पट हातात पडतात. 6:5 च्या टेबलावर हिशेब उलटतो, थांबलं तर सरासरी 0.83 पटच पडते. तिथे पैजेइतके रोख मिळाले तर खेळाडूचा फायदा, म्हणून तिथे ती सोय बंद. ज्यांनी हे ठरवलं त्यांना 6:5 चा अर्थ दशांशापर्यंत माहीत आहे. माहीत नसतो तो फक्त खुर्चीवर बसणाऱ्याला.

त्या दिवसापासून मी कॅसिनोंची तुलना वेगळ्या क्रमाने करतो. कॅट किती, हा प्रश्न शेवटी. पहिला दर, आणि तोही ‘दर काय’ असा विचारायचा नाही. “50 लावले आणि ब्लॅकजॅक आला तर हातात किती देणार?” असं आकड्यात विचारायचं, आणि ते देखरेखवाल्याला नाही, डीलरला, टेबलाजवळ, चिपा घेण्याआधी. ‘नेहमीचा’ या शब्दामागे लपायला मग जागा उरत नाही. उत्तर 75 सोडून दुसरं काहीही असलं की पुढचं टेबल. आकड्याऐवजी हसून ‘बसा तर खरं’ असं ऐकू आलं तरी पुढचं टेबल.

दुसरा प्रश्न डीलरच्या 17 चा. एक्का (तो 1 किंवा 11 धरता येतो) आणि छक्की असे पत्ते असताना डीलर थांबतो की आणखी पत्ता घेतो? घेत असेल तर खेळाडूचं सुमारे 0.2 टक्के नुकसान. हे टेबलावर छापलेलं असतं, पण बहुतेकांना ते खेळाडूच्या भल्याचं वाटतं, कारण डीलर 17 मोडून 21 च्या पुढे गेलेला डोळ्यांना दिसतो. तो 17 वरून 19, 20, 21 वर पोचतो तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्प्लिटनंतर डबल नाही, त्याचे 0.14. डबल फक्त 10 आणि 11 वर, त्याचे आणखी जवळपास 0.2. सरेंडर, म्हणजे अर्धी पैज सोडून हात टाकून देण्याची मुभा, असेल तर थोडी मदत होते. काही ठिकाणी डीलर दुसरा पत्ता शेवटीच घेतो; तिथे तुम्ही एक्क्यासमोर डबल किंवा स्प्लिट केलंत आणि मागाहून त्याला ब्लॅकजॅक निघाला, तर वाढवलेली सगळी पैज जाते की फक्त मूळची, हे आधी विचारून घ्या. हे आकडे एकेकटे किरकोळ दिसतात. पण 3:2 ची पाटी लावून बाकीच्या चार मुभा काढून घेतलेलं टेबलही मी पाहिलं आहे, आणि त्याची बेरीज फारशी चांगली येत नाही.

पत्ते पिसणाऱ्या यंत्राबद्दल लोक भलतंच बोलतात. जे यंत्र वापरलेले पत्ते लगेच पोटात घेऊन सतत पिसत राहतं, ते एका हातापुरतं तुमचं काही वाकडं करत नाही. नुकसान होतं ते वेगामुळे. पिसण्यासाठी खेळ थांबतच नाही, तासाला जास्त हात होतात, आणि कॅसिनोचा वाटा तेवढ्याच जास्त वेळा कापला जातो. पत्ते मोजणाऱ्याला, म्हणजे कोणते पत्ते निघून गेले हे लक्षात ठेवून पैज ठरवणाऱ्याला, तर अशा टेबलावर काहीच काम उरत नाही.

इन्शुरन्सबद्दल, म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक निघेल अशा वेगळ्या पैजेबद्दल, आग्रह होतोच, “सर, तुमचा 20 आहे, वाचवून घ्या.” सहा कॅटमध्ये डीलरचा एक्का सोडला तर 311 पत्ते उरतात. त्यांत दहाच्या किमतीचे 96, बाकीचे 215. भाव 2:1. म्हणजे 192 जिंकायचे आणि 215 हरायचे, सरासरी 7.4 टक्के तोटा. तुमच्या 20 मध्ये दहाच्या किमतीचे दोन पत्ते आधीच तुमच्याकडे आलेले असतात, त्यामुळे ‘चांगला हात वाचवा’ हा सल्ला जिथे दिला जातो नेमका तिथेच तो आणखी वाईट ठरतो.

कोणी नियमांचे तक्ते करून इतरांना देत असेल तर त्यांना एक विनंती. कॅसिनोच्या नावापुढे एकच दर लिहू नका. मला फसवलं त्याच इमारतीत, आतल्या कोपऱ्यात, 3:2 ची दोन टेबलं होती. तिथली किमान पैज जास्त होती, आणि बाहेरच्या पाटीवर त्यांचा उल्लेखही नव्हता. गर्दी वाढली की किमान पैज वाढवतात, टेबलं बदलतात, कापडही बदलतात. म्हणून टेबल, किमान पैज, दर, तारीख आणि दिवसाची वेळ, पाचही गोष्टी लिहा. जुन्या तक्त्यात त्या कॅसिनोपुढे 3:2 लिहिलेलं होतं, आणि ते आतल्या टेबलांपुरतं खरंही होतं.