ब्लॉक हीटर आणि इंजिन ऑइलमधलं पाणी : विनिपेगमधल्या अख्ख्या हिवाळ्याचा अनुभव

गाडी दीड लिटर टर्बो पेट्रोल, ऑइल झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी सिंथेटिक (थंडीतही पातळ राहणारं), घर ते ऑफिस जेमतेम पाच किलोमीटर. आणि गाव कॅनडातलं विनिपेग, जिथे जानेवारीत रात्रीचा पारा उणे २० च्या खाली जाण्याचं कुणाला नवल नाही. नोव्हेंबर ते एप्रिल ब्लॉक हीटर लावून गाडी वापरली. हीटर बसवला की ऑइलमध्ये पाणी साठण्याचा प्रश्न मिटतो, असं इथे नव्याने आलेले बरेच जण धरून चालतात. मिटत नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी हीटरचं कौतुक, कारण ते त्याने कमावलंय. इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसणारी ही छोटी कॉइल कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारा द्रव, कोमट ठेवते. माझी ४०० वॉटची आहे. वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली, ती पार्किंगमधल्या खांबावरच्या प्लगला जोडायची. टायमर लावून निघण्याआधी तीन तास चालू ठेवला की भागतं, म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. रात्रभर चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. उणे ३० ला एरवी इंजिन कण्हत फिरतं आणि ऑइल वर चढेपर्यंत कडकड ऐकू येते. हीटर असला की पहिल्याच सेल्फला गाडी चालू होते, आत गरम हवाही लवकर येते. स्टार्टिंगसाठी पैकीच्या पैकी मार्क.

आता पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत गाडीमागे दिसणारा पांढरा लोट तोच. पण थोडा गॅस पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या तळच्या भागात, उतरतो. तिथला धातू गार असला की वाफेचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह ही वाफ ओढून परत इंजिनात जाळायला पाठवतो खरा, पण त्यासाठी आधी पाण्याची वाफ व्हायला हवी. ऑइल ९०-१०० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिलं, तरच ती होते.

खरी मेख इथे आहे. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो. तो मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण मानतो, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. पाच किलोमीटरच्या फेरीत, हीटर लावूनसुद्धा, ते तिथवर पोचतच नाही.

डिसेंबरच्या मध्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळट पांढरा, लोण्यासारखा मऊ थर. फडक्याने पुसला तर फडकं ओलं झालं. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) वरच्या भागावर तसेच बारीक ठिपके, टोकाला मात्र ऑइल स्वच्छ सोनेरी. हे टोक नीट बघा. तिथेही ऑइल दुधाळ असेल, कूलंटची पातळी उतरत असेल, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या इंजिनमधल्या सीलचा, संशय घ्यावा. एका वर्कशॉपने नुसतं झाकण पाहून मला गॅस्केट बदलायला सांगितलं. मी आधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करायला लावली. प्रेशर जराही उतरलं नाही, म्हणजे कूलंट कुठे गळत नव्हतं. एवढ्या मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी ही टेस्ट मागाच.

उपाय निघाला पेरिमीटर हायवेवर, म्हणजे विनिपेगभोवतीच्या रिंग रोडवर. दर शनिवारी ताशी १०० च्या वेगाने पाऊण तास गाडी पळवली. पहिल्या फेरीनंतर थर विरळ झाला, पुढच्या आठवड्यात झाकण जवळपास कोरडं. जागेवर इंजिन चालू ठेवून हे साधत नाही. त्यात ऑइल पुरेसं तापत नाही, उलट न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर तो हाच प्रकार.

थर दिसायला किरकोळ, पण दुर्लक्ष करू नका. पाणी आणि जळणातून आलेली द्रव्यं मिळून आम्लं तयार होतात. कडाक्याच्या थंडीत पीसीव्हीच्या नळीतलं पाणी गोठलं तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. म्हणून ऑइल मी मॅन्युअलमधल्या ‘सिव्हिअर’ वेळापत्रकाने, नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदलतो. थंडीतल्या छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात.

पुण्या-मुंबईत कारचं ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र थंडीवर ढकलू नका. आधी कूलंट तपासा, आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का ते आठवा.

हीटर पुन्हा घेईन का? नक्की घेईन. पण ऑफिस पाच किलोमीटरवर असेल, तर त्याच्यासोबत आठवड्याची एक लांब फेरीही धरून चाला.